झोळीत निजताना : हॅमॉकची निवड, बांधणी आणि झोप

आजच्या व्याख्यानाची पाटी बाहेर लागली तेव्हा आयोजकांपैकी एकांनी मला दोनदा फोन करून विचारलं, "सर, विषय हाच ना? काही छपाईची चूक नाही ना?" (हशा) त्यांचं बरोबर होतं. ज्याने जन्मभर कांट आणि शांकरभाष्य शिकवलं, तो माणूस दोन झाडांमध्ये टांगलेल्या कापडावर तासभर काय बोलणार? पण विषय हाच आहे, आणि का आहे ते आधी सांगतो.

विशीत-तिशीत आम्ही राजगडावर पद्मावतीच्या देवळात फरशीवर पाठ टेकायचो. खाली एक सतरंजी, उशाला सॅक. सकाळी उठलो की ताजेतवाने. पासष्टीनंतर गंमत अशी झाली, की जमिनीवर झोपणं जमायचं, उठणं जमेना. कंबरेच्या खालच्या मणक्यांची झीज आणि दोन्ही गुडघे. पहाटे तंबूतून बाहेर यायचं म्हणजे आधी कुशीवर, मग चार पायांवर, मग कुणाचा तरी हात. एका हिवाळ्यात मी ठरवून टाकलं, की आता मुक्कामाची भटकंती बंद. दिवसा जायचं, दिवे लागायच्या आत घरी यायचं. ऐकायला साधं वाटतं. पण डोंगरातली रात्र हातची गेली म्हणजे डोंगराचा अर्धा भाग गेला. ते मला फार लागलं होतं.

तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने मला हॅमॉक आणून दिला. आमची पहिली रात्र एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या आमराईत, डिसेंबर महिना. मी तो दोन आंब्यांमध्ये असा ताणून बांधला, की वर धोतर वाळत घालावं. म्हटलं, जितका ताठ तितका सपाट, जितका सपाट तितकी पाठ खूश. प्रत्यक्षात काय झालं? खांदे दोन्ही बाजूंनी आवळले गेले, गुडघे उलट्या बाजूला दाबले जाऊ लागले, कूस बदलायला गेलो तर सगळं प्रकरण उलटायला लागलं. आणि दोन-अडीचच्या सुमाराला पाठ अशी गारठली, की कुणी बर्फाच्या लादीवर ठेवलंय. अंगावर चांगली जाड स्लीपिंग बॅग असताना! उरलेली रात्र मी आंब्याच्या बुंध्याला टेकून बसून काढली.

आता त्या रात्री चुकलं कुठे, याचा विचार करू. मूळ चूक गाठीत नव्हती, विचारात होती. मला सपाटपणा हवा होता, तो शरीराचा. मी सपाट करत बसलो होतो कापड. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो, की विशेषण कुणाला लागू होतंय ते आधी पाहा. स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरलो.

हॅमॉक ज्यांनी शोधला त्यांना हे चांगलं ठाऊक होतं. 1492च्या ऑक्टोबरात कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हा तिथल्या ताइनो लोकांच्या घरांत कापसाच्या जाळ्यांसारखी अंथरुणं टांगलेली असल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. 'हमाका' हा शब्दही त्यांचाच. तो स्पॅनिशमधून इंग्रजीत आणि आता मराठीत आला. 1597 साली इंग्लंडच्या आरमाराने जहाजांवर ही झोळी स्वीकारली, आणि पुढे खलाशाला झोळी टांगायला मिळणारी रुंदी होती चौदा इंच. चौदा! आपली एसटीची सीटसुद्धा त्यापेक्षा बरी. मेक्सिकोत युकातान भागात आजही घराघरांत भिंतींना हॅमॉकसाठी आकडे बसवलेले असतात, आणि ब्राझीलच्या ईशान्य भागात तो रोजचा बिछाना आहे. आपल्याकडे बाळाची झोळी आहे, पाळणा आहे, झोपाळा आहे. मोठ्या माणसाने रात्रभर झोळीत निजण्याची रीत मात्र आपल्या घरांत रुळली नाही. आपण बाजेचे आणि खाटेचे लोक. त्यामुळे हॅमॉक पाहिला की आपल्याला तो बाजेसारखा ताणावासा वाटतो.

युकातानमधला माणूस झोळीत कसा निजतो? आडवातिरपा. झोळीच्या मधल्या रेषेत केळ्यासारखा नाही. डोकं मधल्या रेषेच्या डावीकडे फूटभर आणि पाय उजवीकडे फूटभर, किंवा उलट. का? झोळी सैल टांगली की तिच्यात दोन वळणं तयार होतात: एक लांबीतलं, मोठं लोंबतं वळण, दुसरं रुंदीतलं, पन्हळीसारखं. तुम्ही मधोमध निजलात तर लांबीचं पूर्ण वळण पाठीला मिळतं. तिरपे झालात तर डोकं आणि पाय पन्हळीच्या कडांवर चढतात, धड मध्ये राहतं, आणि एक वळण दुसऱ्याची बरीचशी भरपाई करतं. पाठ जवळपास सपाट. पण यासाठी कापडाला कडांकडे ढिलाई हवी, म्हणजेच झोळी सैल हवी. मी ती ताणून तोच मार्ग बंद केला होता.

सैल म्हणजे किती सैल? इथे थोडं गणित करू, घाबरू नका. झाडाकडे जाणारा पट्टा जमिनीच्या पातळीशी किती अंशांचा कोन करतो त्यावर सगळं आहे. माणूस सत्तर किलोचा धरा. कोन 30 अंशांचा असेल तर प्रत्येक पट्ट्यावर ताण येतो सत्तर किलो. 15 अंशांवर तो होतो सुमारे 135 किलो. 10 अंशांवर 200. 5 अंशांवर, म्हणजे मी बांधला होता तसा, 400 किलो! माणूस तोच. पट्टा अगदी सरळ आडवा करायचा म्हटलं तर अनंत ताण लागेल, म्हणून तर कपड्यांची दोरी कितीही ओढली तरी ओल्या चादरीखाली थोडी झुकतेच. आणि हे आकडे स्थिर माणसाचे आहेत. धपकन बसलात तर त्याहून जास्त.

(एक अवांतर. दोन टोकांना टांगलेली साखळी नेमक्या कोणत्या वक्ररेषेत लोंबते, हा प्रश्न याकोब बेर्नुलीने 1690मध्ये विद्वानांपुढे टाकला, आणि 1691मध्ये ज्यांनी उत्तर दिलं त्यांत हायगेन्स आणि योहान बेर्नुली यांच्यासोबत लायब्निझ होता. मी लायब्निझचे चिदणू इतकी वर्षं शिकवले, पण हा साखळीचा लायब्निझ एकदाही वर्गात सांगितला नाही. झोळीत माणूस निजला की आकार साखळीसारखा राहत नाही, हे खरं. तरी सांगायला हवा होता.)

तर 30 अंश. कोनमापक घेऊन कुणी जंगलात जात नाही. सोपी युक्ती अशी: पट्ट्याच्या दोन हात लांबीमागे एक हात उतार. तेवढा असला की कोन 30चा झालाच. दुसरी युक्ती जास्त चांगली, आणि मी तीच वापरतो. झोळीच्या दोन टोकांमध्ये, वरून, एक न ताणणारी बारीक दोरी कायमची बांधून ठेवायची. हिला रिजलाइन म्हणतात; आपण आढ्याची दोरी म्हणू. तिची लांबी झोळीच्या लांबीच्या साधारण 83 टक्के ठेवतात. अकरा फुटी झोळीला नऊ फूट दीड इंच. मग झाडं जवळ असोत की लांब, झोळीचा झोक दर वेळी तोच. तुम्ही निजल्यावर ही दोरी बोटांनी दाबून पाहा: थोडी वाकली पाहिजे. वीणेच्या तारेसारखी टणत्कार करत असेल तर पट्टे ढिले करा. चष्मा, बॅटरी आणि मच्छरदाणी टांगायलाही तीच कामाला येते.

आता खरेदी. दुकानात किंवा ऑनलाइन तुम्हाला पहिल्यांदा भुरळ घालणार तो दोन टोकांना लाकडी दांडे असलेला, दोरखंडाचा, फोटोत समुद्रकिनारी दिसणारा हॅमॉक. तो दुपारी पुस्तक वाचायला ठीक. दांड्यांमुळे तो ताणून सपाट बसतो, गुरुत्वमध्य वर जातो आणि जरा कलला की माणूस पालथा. रात्रीच्या झोपेसाठी तो नको. जाड नायलॉन दोरीच्या विरळ जाळ्या मिळतात, त्याही नकोत. सकाळी पाठीवर बुद्धिबळाचा पट उमटतो. युकातानची जाळी वेगळी, बारीक सुताची आणि भरपूर रुंद, पण ती बटणांत, चेनमध्ये अडकते आणि भिजली की जड होते.

भटकंतीसाठी घ्यावा तो दोन्ही टोकांना चुण्या करून बांधलेला, रिपस्टॉप नायलॉनचा. रिपस्टॉप म्हणजे ज्यात ठरावीक अंतरावर जाड धागे विणलेले असतात, त्यामुळे छोटं भोक पडलं तर ते फाटत पुढे जात नाही. लांबीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. स्वस्तातले बहुतेक हॅमॉक नऊ फुटांच्या आसपास असतात. पाच फुटांच्या माणसाला ते कसेबसे पुरतात. साडेपाच फुटांच्या वर उंची असेल तर दहा-अकरा फूट लांबी हवी, कारण तिरपं व्हायला जागा तिथूनच मिळते. ग्राहक रुंदीवर भुलतो, 'डबल' लिहिलेलं पाहून. पाच फूट रुंदी एका माणसाला छान, त्याहून फार रुंद असलं तर जास्तीचं कापड तोंडावर फडफडत राहतं. आणि 'डबल' याचा अर्थ दोघांनी निजावं असा घेऊ नका. दोन माणसं झोळीत शिरली की उताराने एकमेकांवर येतात. नवविवाहितांना दहा मिनिटं बरं वाटेल. (हशा)

काही झोळ्या मुद्दाम असमान कापलेल्या असतात, तिरपं निजणं सोयीचं व्हावं म्हणून. त्या चांगल्या असतात, पण त्यांत डोकं कोणत्या बाजूला आणि पाय कोणत्या, हे शिंप्याने ठरवलेलं असतं. तुम्हाला उजव्या कुशीवर झोप येते की डाव्या, हे आधी पाहून घ्या.

झोळीइतकेच पट्टे महत्त्वाचे. साधी दोरी झाडाला बांधू नका. सालीच्या लगेच आत झाडाचा वाढणारा जिवंत थर असतो. बारीक दोरी सत्तर किलो ताणाने त्यात रुतते. पट्टा निदान एक इंच रुंद हवा, दोन इंची असला तर उत्तम. शंका असेल तर खाली गोणपाटाची घडी. पट्टा पॉलिस्टरचा घ्या. नायलॉनचा पट्टा भाराखाली लांबत जातो, दवाने ओला झाला की अधिकच, आणि रात्री गुडघाभर उंचीवर निजलेला माणूस पहाटे गवताला टेकतो.

झाडं निवडताना बुंधा मांडीपेक्षा जाड हवा आणि झाड जिवंत हवं. शेवगा नको, त्याचं लाकूड कटकन मोडतं. नारळ फोटोत फार शोभतो, पण वरून झावळी किंवा नारळ पडला तर शोभा संपली. कुठल्याही झाडाखाली आधी मान वर करून पाहा. वाळलेली फांदी, आग्या मोहोळ, आंब्यावर तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी, यांपैकी काही दिसलं तर सरळ दुसरं झाड. देवराईत बांधू नये. अभयारण्यात मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते. वळवाचे दिवस असतील तर एकट्या उंच झाडाजवळ थांबू नका, विजेला तेच सापडतं.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. गडावरच्या जुन्या देवळाच्या खांबांना, पडक्या भिंतींना, घरी गच्चीच्या कठड्याला किंवा विटांच्या खांबाला हॅमॉक बांधू नका. 30 अंशांच्या आदर्श कोनातही सत्तर किलोचा माणूस प्रत्येक टोकाला सुमारे साठ किलो आडवा ओढतो. खांब वरचं वजन खाली पेलायला बांधलेला असतो. आडव्या ओढीचा विचार बांधणाऱ्याने केलेला नसतो. असा खांब पडतो तो निजलेल्याच्या अंगावर.

झाडांमधलं अंतर बारा ते पंधरा फूट बरं. तेरा फूट असेल आणि झोळी अकरा फुटी, तर पट्टे साधारण पावणेसहा फूट उंचीवर येतात आणि बसल्यावर झोळीचा तळ दीड फुटावर, म्हणजे खुर्चीइतका. त्याहून उंच टांगण्याची हौस करू नये. पायांकडचं टोक डोक्याकडच्या टोकापेक्षा सहा-आठ इंच वर घ्या. धड जड असतं, झोळी सारखी टांगली तर माणूस रात्रभर पायांकडे घसरत राहतो. हे केलं की पोटऱ्यांखाली कापडाची जी कड टोचते तीही कमी होते. तरीही गुडघे ताणले जात असतील, माझे जातात, तर गुडघ्यांखाली जॅकेटची गुंडाळी ठेवा. उशी लहानच हवी. डोक्याखालचं कापड आधीच उचललेलं असतं.

आता त्या गारठलेल्या पाठीकडे येतो, कारण पहिल्याच रात्री हॅमॉक सोडून देणारे बहुतेक लोक यामुळे सोडतात. स्लीपिंग बॅग ऊब देत नाही, ती आत अडकलेल्या हवेला धरून ठेवते आणि ती हवा तुमच्याच अंगाने तापते. पाठीखाली बॅग चेपली की तिथली हवा गेली. जमिनीवर निदान खाली वारा नसतो. झोळीखालून तो रात्रभर वाहतो. पारा 20 अंशांच्या खाली गेला, की हे जाणवू लागतं. सह्याद्रीत डिसेंबरात तो त्याच्या बराच खाली जातो. साधा उपाय म्हणजे आपली फोमची कॅरीमॅट झोळीत घालणं. ती घसरते, म्हणून दुहेरी कापडाची झोळी मिळाली तर दोन कापडांच्या मध्ये सरकवा. खरा उपाय मात्र अंडरक्विल्ट: झोळीच्या खाली, बाहेरून, इलॅस्टिकने टांगलेली हलकी दुलई. ती तुमच्या अंगाखाली चेपली जात नाही, त्यामुळे तिच्यातली हवा टिकते. फक्त ती झोळीला लागून असली पाहिजे. मध्ये फट राहिली तर वारा तिथूनच शिरतो. मी पहिली दुलई घरच्या घरी केली, जुन्या रजईला चार कोपऱ्यांवर नाडीच्या घरासारखी शिवण घालून आणि त्यातून इलॅस्टिक ओवून. दिसायला भयंकर. पण त्या रात्री पहिल्यांदा मी सकाळपर्यंत झोपलो, आणि जाग आली तेव्हा उजाडलेलं होतं. मी काही वेळ तसाच पडून राहिलो. मग पाय खाली सोडले आणि उभा राहिलो. कुणाचाही हात न धरता.

झुलण्याने झोप लागते का, असं लोक विचारतात. 2011मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी हलकेच झुलणाऱ्या बिछान्यावर पाऊण तासाच्या दुपारच्या झोपेचा अभ्यास केला. माणसं स्थिर बिछान्यापेक्षा झुलत्या बिछान्यात लवकर झोपली आणि झोप अधिक गाढ होती. बाळाला जोजवणाऱ्या आयांना यात काही नवं वाटणार नाही.

आता दोन-चार प्रश्न घेऊ.

प्रश्न : पाऊस आणि डास?
वर ताडपत्री, झोळीपेक्षा दोन्ही टोकांना निदान अर्धा फूट जास्त. पण पाणी ताडपत्रीतून येत नाही, पट्ट्यावरून ओघळत झोळीत येतं. म्हणून ताडपत्रीच्या आत, झोळीच्या टोकाच्या अलीकडे, पट्ट्याला सुतळीचा तुकडा बांधून लोंबता ठेवा. पाणी तिथूनच ठिबकतं. डास पातळ कापडातून खालूनही चावतात, हे मला अनुभवाने कळलं. कुठे चावले ते विचारू नका. (हशा) खाली दुलई किंवा मॅट असली की तो प्रश्न मिटतो. नसेल तर सगळ्या झोळीला वेढणारी जाळी घ्या.

प्रश्न : आमच्या नातीला, सहा महिन्यांची आहे, यात निजवावं का?
नाही. तान्ह्या बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं निजवावं असं डॉक्टर सांगतात. वाकलेल्या झोळीत मान पुढे पडून श्वास अडू शकतो. आपण जागे आहोत, हातात दोरी आहे, ती गोष्ट वेगळी म्हणावीशी वाटते. तरी बाळाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : पोटावर झोपायची सवय आहे.
मग हॅमॉक तुमच्यासाठी नाही. कुशीवर जमतं, उताणं उत्तम जमतं, पालथं जमत नाही. ज्यांना चक्कर येते किंवा मणक्याचं ऑपरेशन झालंय त्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. माझ्या पाठीला मानवला म्हणून तुमच्या पाठीला मानवेल असं अनुमान काढू नका. एका उदाहरणावरून व्याप्ती सिद्ध होत नाही.

प्रश्न : सर, आपल्या वयात रात्री दोनदा उठावं लागतं. अंधारात उतरायचं कसं?
हा प्रश्न कुणीतरी विचारणार हे मला माहीत होतं! आधी कापडाच्या मधोमध या. गुडघे पोटाशी घ्या, दोन्ही पाय एकाच बाजूने बाहेर काढा आणि झोळीत खुर्चीसारखे बसा. तसंच बसून अर्धं मिनिट जाऊ द्या, एकदम उभं राहिलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. बूट खाली ठेवू नका, आढ्याच्या दोरीला टांगा. तरी घालण्यापूर्वी झटका, विंचू कुठेही शिरतो. बॅटरी लावून जमीन पाहा, फुरसं वाळल्या पाल्यात सहज दिसत नाही. मग उठा. परत येताना उलट क्रम: झोळीकडे पाठ, मागची कड हाताने पसरायची, मधोमध बसायचं, आधी डोकं टेकवायचं, मग पाय आत. घरी दिवसाउजेडी दहा वेळा सराव करून मगच रात्रीचं धाडस करा.